थोरल्या जावेचा बोंबलाचा डबा

माझा नवरा इमारतींना बाहेरून रंग लावायचा. पाऊस लागला की परांचीवरून उतरायचा तो थेट दसऱ्यालाच पुन्हा चढायचा. मधले महिने आमच्याकडे दमडी यायची नाही. म्हणून पावसाळ्याची बेगमी हा आमच्या घरात हौसेचा विषय नव्हता. मे संपेपर्यंत जे घरात आलं, त्यावरच सगळ्यांची पोटं.

विक्रोळीच्या बैठ्या चाळीत आमची खोली आणि थोरल्या दिरांची खोली शेजारी-शेजारी होती. चुली वेगळ्या होत्या, पण बेगमीची खरेदी एकत्र व्हायची आणि तिचे पैसे थोरलीकडे द्यायचे, ही सासूबाईंच्या वेळेपासूनची रीत. मी जावेला अक्का म्हणायचे. अख्ख्या उन्हाळ्याच्या कमाईतून वाचवलेलं सगळं मी तिच्या हातात ठेवलं आणि निर्धास्त झाले. मूर्खच होते.

जूनच्या तोंडावर तिच्या घरात टीव्ही आला. तिचे तांदूळ आले, कोकम आलं, सुके बोंबील आले. माझ्या वाट्याचं काहीच आलं नाही. विचारायला गेले तर ती टीव्हीवरचा क्रोशाचा रुमाल सारखा करत होती. मान वर न करता म्हणाली, "बेगमीचा सगळा थोरल्येच्या हातात आसता. धाकट्येन मदी तोंड घालूचा नसता."

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे ना, दादाचं घर आहे." त्याचा दादा, त्याने जाऊ दिलं. मी नाही.

तो पावसाळा आम्ही रेशनच्या तांदळाच्या पेजेवर काढला. मी दुसऱ्यांच्या गोधड्या शिवल्या, त्यातून मीठ-मिरची आणि रॉकेल सुटलं. दोन खोल्यांमधली भिंत छपरापर्यंत पोचत नव्हती. एका संध्याकाळी पलीकडून वास आला आणि माझी मुलगी ताटावरून उठून उभी राहिली. "आई, काकीकडे बोंबील भाजतायत ना गं?"

"गप जेव," म्हटलं मी. तिने पेज संपवली. मी तिथेच ठरवलं, या बाईला मी सोडणार नाही.

पुढच्या वर्षी मी अक्काकडे एक पैसा दिला नाही. नवरा खारला कामाला जायचा, त्याला खारदांड्याहून बोंबील आणायला लावले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं अक्का नुसती खरेदी करत होती. वाळवणं, निवडणं, डबे भरणं सगळं मी करायचे, तिचंसुद्धा. मागच्या वर्षीही तिचे बोंबील मीच वाळवले होते, माझा वाटा येणार म्हणून.

या वर्षी मी फक्त माझेच बोंबील अंगणात पसरले. बाजारातून आणलेला बोंबील सुका दिसतो, पण आत ओल धरून असतो. कडक उन्हात पुन्हा पुन्हा घालायचा, काडीसारखा कटकन मोडला पाहिजे, मगच डब्यात. तांदळाला कीड लागू नये म्हणून एरंडेल चोळायचं. माझी पोर कावळे हाकलत बसली होती.

अक्काने दारात उभं राहून हे सगळं पाहिलं. मग ती आत गेली, कोळणीकडून घेतलेले बोंबील टोपलीतून थेट डब्यात दडपले आणि झाकण लावलं. माझ्यासारखं उन्हात बसणं तिला कमीपणाचं वाटलं असणार. मी तिच्या उंबऱ्यापासून दोन हातांवर होते. "अक्का, ऊन दाखवा," एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आलासुद्धा. मी तो गिळला, आणि काय गोड लागला म्हणून सांगू!

मग मी वाट बघितली. पाऊस लागला, चाळीत पाणी साचलं, भिंतींना ओल आली. रोज पलीकडे डब्याचं झाकण वाजतंय का, याकडे माझा कान असायचा.

भर आषाढात अक्का डबा घेऊनच माझ्या दारात आली. बोंबलांवर पांढरी बुरशी, खाली अळ्या वळवळतायत. तांदळालाही सोंडे लागल्याचं तिनेच सांगितलं.

"तू अंगणात हुतस. तुका ठावक हुता?"

"होतं."

"मगे बोललस कित्याक नाय?"

मी हातातली गोधडी बाजूला ठेवली. वर्षभर घोकलेलं वाक्य होतं, एक अक्षर चुकलं नाही. "बेगमीचं सगळं थोरलीच्या हातात असतं, अक्का. धाकटीने मध्ये तोंड घालायचं नसतं."

ती डबा घेऊन पावसात उभी राहिली, मग गेली.

त्या संध्याकाळी मी बोंबील भाजले आणि चटणी केली. पोर पोटभर जेवली. भिंतीपलीकडे टीव्ही बंद होता. वास नीट पोचावा म्हणून मी लसूण जरा जास्तच घातला.