पोळ्याच्या दिवशी किल्ली कुणी घेतली

माझ्या चुलतभावाची मुलगी पोळ्याच्या दिवशी मारली गेली. दुसरीत होती. दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावी, आमच्याच शेतातल्या मोटारीच्या खोलीत सापडली, गळा आवळलेली. कुणी मारलं ते अजून कळलेलं नाही. मी जळगावला पिंप्राळ्यात राहतो, कोर्टात कारकुनी करतो, म्हणून गावाला वाटतं की मला यातलं काही कळतं. मला कागद लावता येतात, एवढंच. पण गावी गेलो की पारावर मला मधे बसवतात आणि तर्क सुरू होतात.

सगळ्यांचा लाडका तर्क ट्रकवाल्याचा. पपई भरायला परप्रांतातून ट्रक येतात, त्यातलाच कुणी असेल म्हणे. तो परत दिसणार नाही आणि गावात कुणाचं तोंड चुकवावं लागणार नाही, म्हणून तो सोयीचा. पण पोळ्याला आमच्याकडे तोडणी बंद. मजूर नाहीत तर ट्रक काय हवा खायला येणार? हे विचारलं की लोक नाक मुरडतात आणि बांगडीवाल्यावर येतात.

हा दोंडाईच्याचा मुसलमान, वय झालेला, लहान पोरींच्या हातात कौतुकानं एखादी बांगडी फुकट चढवणारा. पोलिसांनी त्याला उचललं, चोपलं, आणि सोडलं, कारण त्या दिवशी तो धुळ्याला भाचीच्या लग्नात वाढप्यांवर ओरडत होता आणि अख्ख्या वऱ्हाडानं ते ऐकलं होतं. तरी आता तो आमच्या गावात पाऊल टाकत नाही. ज्या बायांनी त्याच्याकडून लग्नाचा चुडा भरला, त्याच आता म्हणतात, आम्हाला त्याची नजर कधीच आवडली नव्हती. मला याचा संताप येतो. एकदा पारावर मी आवाज चढवला, तेव्हा एका आबांनी थंडपणे विचारलं, मग काय, घरातला म्हणतोस?

मी उठून चपला शोधू लागलो, पण मला तेच म्हणायचं होतं. पोर सापडली तेव्हा मोटारीच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं आणि किल्ली तिच्या आईच्या, म्हणजे वहिनीच्या स्वयंपाकघरात, भिंतीतल्या देवळीत, नेहमीच्या जागी होती. म्हणजे कुणीतरी ती तिथून नेली, आणि काम झाल्यावर सरळ चुलीपर्यंत चालत येऊन परत ठेवली. ट्रकवाला तिथवर येईल? बांगडीवाल्याला तर आमच्या ओट्याच्या पुढे कधी कुणी येऊ दिलं नाही. पोळ्याला आमची सारी भाऊबंदकी त्याच घरी पुरणपोळी जेवते. किल्ली घेणारा त्या पंगतीतला होता. एसटीत बसलो की डोक्यात हा भुंगा सुरू व्हायचा. एकेका भावाला, चुलत्याला, पुतण्याला मी मनातल्या मनात पिंजऱ्यात उभं करायचो. कुणाचाच काही थांग लागायचा नाही, आणि घरी आल्यावर बायकोला वाटायचं मला बरं नाही.

मधे एक श्रावण दुखवट्यात गेला. गेल्या श्रावणात भाऊबंदकीची कानबाई, आमची खानदेशातली देवी, वहिनीच्याच घरी बसणार होती, म्हणून मी दोन दिवस आधी गेलो. कानबाईच्या रोटांसाठी कुळातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात, सगळे एकत्र दळतात, आणि ते रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला कणही द्यायचा नाही. वहिनी ओट्यावर सूप घेऊन बसली होती. एकेक नाव घ्यायची, मूठ टाकायची. चार-पाच नावं झाली आणि तिचा हात पोत्यातच राहिला. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"भाऊ, तुम्हले बठ्ठं समजस," सगळं कळतं हे गावाचंच बोलणं ती बोलली. "मंग कोना नावनी मूठ टाकू नको, तितलंच सांगा."

तिलाही किल्लीचं कळलं होतं. देवळी तिचीच, तिला माझ्या आधी कळलं असणार. आणि एवढे दिवस ती या सगळ्यांना वाढत होती, पाणी देत होती. इतके तर्क केले, पण नाव एकही सांगता येईना. मला माहीत नाही, असं मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि पुढची नावं घेतली. मग माझं नाव आलं. गव्हाची मूठ सुपावर धरून ती माझ्याकडे बघत राहिली. त्या पोळ्याला मीही तिच्या चुलीपाशी जेवलो होतो. बऱ्याच वेळानं तिनं मूठ सोडली.