आमच्या गाडीची वार्षिक परीक्षा

आमच्या घराण्यात आजवर कोणी नापास झालेले नाही. अपवाद एकच, आणि तिला चार चाके आहेत.

इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला स्थायिक झाल्यावर ही गाडी आम्ही घेतली. सात माणसांची, उंच, काळीभोर एसयूव्ही. घरात माणसे तीन: मी, पत्नी वृंदा आणि मुलगी ईरा. तरीही मी तिच्यासाठी हट्ट धरला, त्याचे खरे कारण कोणाला सांगितले नव्हते. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रुग्णांशी बोलावे लागत नाही, म्हणूनच तो विषय निवडला. (लिहिणेही त्याच कारणासाठी आवडते, हे लक्षात यायला मात्र फार उशीर झाला.) रांगेत माझ्यापुढे कोणीही घुसू शकते. पण त्या गाडीत बसलो की समोरची वाहने आपोआप बाजूला होतात. आयुष्यात माझ्या वाट्याला आलेला दरारा तेवढाच!

येथे जुन्या गाडीला दरवर्षी एमओटी नावाची तपासणी द्यावी लागते. ती उत्तीर्ण झाल्याखेरीज गाडी रस्त्यावर आणता येत नाही. आमची गाडी पहिल्या खेपेला टायरमध्ये गेली, दुसऱ्या खेपेला ब्रेकमध्ये. निकाल इंटरनेटवर असतो. गाडीचा नंबर टाकला की कोणालाही दिसतो. कॉव्हेंट्रीला राहणारा वृंदाचा भाऊ श्रीकांत तो आवडीने वाचतो.

"भावोजी, यंदा ब्रेकमध्ये विषय राहिला वाटतं!" त्याचा फोन आला. "क्लास लावा तिला!"

त्यानंतर वृंदाने निर्णय दिला. "अहो, पुन्हा नापास झाली तर ती विकायची. छोटी इलेक्ट्रिक घेऊ."

"अगं, पण..."

"पण काय?"

"काही नाही," मी म्हणालो. (माझे युक्तिवाद साधारणपणे इथपर्यंतच पोचतात.)

पुढच्या तपासणीच्या सुमारास पुण्याहून आई आली होती. आई शाळेत गणित शिकवत असे. 'परीक्षा' हा शब्द कानावर पडताच तिने चष्मा चढवला.

"तयारी कितपत झालीय?"

"आई, गाडी आहे ती."

"म्हणून वाऱ्यावर सोडायची? तुला दहावीला सोडलं होतं का असं?"

मी गाडीचे टायर बदलले, ब्रेक नवे बसवले, तेल-पाणी पाहून घेतले. तेवढ्यावर आईचे समाधान झाले नाही. आदल्या संध्याकाळी तिने ड्राइव्हवेमध्ये खुर्ची टाकून, माझा ओव्हरकोट पांघरून चक्क सराव परीक्षा घेतली.

"डावा सिग्नल!"

"चालतो, आजी!" ईरा पुढून ओरडली.

"हॉर्न!"

मी वाजवला. शेजारी दचकून बाहेर आला. मी त्याला खिडकीतून 'सॉरी' म्हणालो.

"वायपर!"

काच धुण्याचे पाणी काचेवरून उडून थेट आईच्या अंगावर गेले. तिने चष्मा पुसला आणि निर्विकारपणे म्हणाली, "पाणी भरपूर आहे. पुढे."

"आजी, गाडी एकदम रेडी झाला!" ईराने जाहीर केले.

"झाली, बाळा. गाडी झाली. उद्या तुझीही परीक्षा घेते."

सकाळी वृंदा कामावर निघून गेली होती. मी बाहेर आलो, तर आईची पूजा आटोपली होती. दोन्ही हेडलाइटांवर तेलात कालवलेल्या कुंकवाची ठसठशीत स्वस्तिके, पुढच्या नंबरप्लेटवर सुपरमार्केटातल्या शेवंतीचा घसघशीत हार, आणि बॉनेटवर (परीक्षेला निघालेल्याला देतात म्हणून) चमचाभर दही-साखर!

"आई, दिव्यांवर कुंकू नको होतं गं."

"मग कपाळावर लावते. कपाळ कुठंय, दाखव."

मला दाखवता आले नाही. गॅरेजच्या दारात थांबून रुमालाने गुपचूप सगळे पुसून टाकायचे, असे मी मनाशी ठरवले. पण आई शाल घेऊन मागच्या सीटवर येऊन बसली.

"परीक्षेला कोणी एकटं पाठवतं का?"

तपासनीसाचे नाव डॅरन. माणूस धिप्पाड, पण अतिशय सालस. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि हेडलाइटाकडे बोट केले. हे लाल काय आहे, पुसले तर निघेल का, असे त्याने मला इंग्रजीत विचारले. रुमाल माझ्या खिशात होता. 'हो' एवढेच म्हणायचे होते.

"काय म्हणतोय रे?" शेजारून आई.

"छान दिसतंय म्हणतोय," मी आईला सांगितले. आणि त्याच घाबरगुंडीत डॅरनला म्हणालो, "इट्स... रिलिजस."

डॅरनने पुढे केलेला हात विजेचा धक्का बसल्यासारखा मागे घेतला.

"आय अ‍ॅम सो सॉरी, सर!"

"नो, नो, आय अ‍ॅम सॉरी. प्लीज, यू कॅन..."

"आय वुडन्ट ड्रीम ऑफ इट, सर. सॉरी."

"सॉरी."

असे आम्ही बराच वेळ एकमेकांची क्षमा मागत राहिलो. त्यानंतर त्याने गाडी तपासली, ती देव्हारा तपासावा तशी. बॉनेट उघडण्यापूर्वी त्याने दही ओघळले तर चालेल का, असेही विचारले. प्रतीक्षाकक्षाच्या काचेपलीकडे आई स्तोत्र म्हणत बसली होती.

अखेर त्याने निकालाचा कागद दोन्ही हातांनी माझ्या स्वाधीन केला. ब्रेक उत्तम, टायर उत्तम, धूर नाही. मात्र पुढचे दिवे लाल उजेड देतात आणि नंबरप्लेट वाचता येत नाही, सबब नापास. गाडी फारच चांगली आहे, असे तो मनापासून म्हणाला. माझ्या श्रद्धेचा आदर राखूनच त्याने तिला नापास केले होते!

"किती पडले?" आईने विचारले.

"राहिली, आई."

"कशात?"

"कुंकवात."

आईने एकदा माझ्याकडे पाहिले. मग ती उठली, पदराने दोन्ही दिवे लख्ख पुसले, हार काढून डॅरनच्या हातात दिला आणि वर्गावरच्या आवाजात म्हणाली, "यंग मॅन, रीचेकिंग!"

गाडी तिथल्या तिथे उत्तीर्ण झाली. तरी आम्ही घरी पोचण्यापूर्वीच श्रीकांतचा फोन आला. "भावोजी, एकाच दिवशी नापास आणि पास? एटीकेटी मिळाली की काय!"

संध्याकाळी वृंदाने निकाल शांतपणे वाचला. "नापास म्हणजे नापास. ठरलं होतं आपलं."

"अगं, पण..."

"पण काय?"

आई आणि ईरा दोघीही बघत होत्या. "मला ती गाडी हवी आहे," मी म्हणालो. "तिच्यात बसलो की लोक मला वाट देतात."

वृंदाने निकालाचा कागद खाली ठेवला.

"एवढं बोलायला इतकी वर्षं लागली?" वृंदा म्हणाली.

"तोंडी परीक्षेत हा पहिल्यापासून मागे," आई म्हणाली.

"बरं, राहू दे गाडी," वृंदा म्हणाली. "पण यापुढे एमओटीला ती मी नेणार. तुम्ही घरी थांबायचं."

तेव्हापासून गाडी दरवर्षी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होते. दोष नेमका कोणत्या भागात होता, हे त्यावरून सर्वांच्या लक्षात आले आहे. तो भाग बदलून घेण्याची वृंदाची तयारी होती. पण इतक्या जुन्या मॉडेलचे सुटे भाग आता मिळत नाहीत म्हणे.