नववं नाव

पंगतीचं गाणं गळ्यातून म्हणायचं नसतं, पोटातून म्हणायचं असतं. हे मला आत्यानं शिकवलं, अमरावतीला आमच्या मळ्यात शेवंती तोडता तोडता. वराकडची पंगत बसली की मुलीकडच्या बायका टाळ्या पिटत त्यांना चिडवायचं जे गाणं म्हणत, ते हे. त्यात बारा व्याह्यांची बारा ठरलेली नावं एका दमात घ्यायची, आणि दर फेरीला चाल वाढवायची. आत्या म्हणायची, "दम टाळीखाली चोर. शब्दाचं शेपूट तोड, लांबवू नको. अन् डोस्कं बंद ठेव, तोंडाले पयू दे. इचार केला का अडकलीच समज."

आठ वर्षांची होते तेव्हापासून माझं तोंड असं पळत होतं. कुणाकडेही लग्न निघालं की मला बोलावणं यायचं, आणि खोटं कशाला सांगू, मला त्याचा माज होता.

मग लग्न होऊन अकोल्याला आले. जगात एवढी नावं पडली होती, पण माझ्या सासऱ्यांनी मुलाचं ठेवलं ते नेमकं गाण्यातलं नववं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे तेव्हा कुणी शिकवावं लागत नसे. मला गाणं येतच नाही, असं मी सासरी सांगून टाकलं.

दुसऱ्या वर्षी नणंदेचं लग्न ठरलं. पाहुणे बार्शीटाकळीचे, त्यांच्या बायका गाण्यात तरबेज. सासूबाईंच्या कानावर कुठून तरी माझी कीर्ती गेली. "तुले येते म्हनतात ना? मंग काहून लपवून राहिली वं? आपली इज्जत ठेव, पोरी."

नाही म्हणायची सोय नव्हती. मी ठरवलं, नवव्या जागी 'घरधनी' म्हणायचं. ठेक्यात बरोबर बसत होतं. आठ दिवस जात्यावर डाळ भरडताना तेवढंच घोकलं. सावकाश म्हटलं की सरळ यायचं.

लग्नाच्या दिवशी पहिल्या तीन फेऱ्या 'घरधनी' नीट आलं. मग पंगतीतल्या बायकाच टाळ्या वाजवून चाल वाढवू लागल्या. चौथ्या फेरीला नववं नाव माझ्या तोंडून बाहेर पडलं, खणखणीत, थेट पोटातून. समोर बुंदी वाढत होते ते माझे यजमानच. त्यांचा हात थांबला. पाहुण्या बायका हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. आणि मला थांबताही येईना. दहावं, अकरावं, बारावं म्हणून झालं, तेव्हाच तोंड मिटलं.

सासूबाईंनी आत नेऊन देवापुढे नाक घासायला लावलं. मी घासलं.

महिनाही झाला नसेल, यजमानांना मुदतीचा ताप आला. दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले, एकवीस दिवस वाट पाहायची, दुसरा इलाज नाही. घरात मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. फक्त मी पाण्याचं भांडं उचललं की सासूबाई ते माझ्या हातून काढून घ्यायच्या आणि स्वतः पाजायच्या. त्यांचा राग करावा असंही मला वाटेना, कारण मनातून मलाही त्यांचंच पटलेलं होतं.

सोळाव्या दिवशी दुपारी ताप जरा उतरला. सासूबाई विहिरीवर गेल्या होत्या. यजमानांनी मला जवळ बोलावलं. "त्या दिवशी तू माहं नाव घेतलं ना, मले लय बरं वाटलं होतं. आयुष्यात पयल्यांदा आयकलं तुह्या तोंडून. आता एकडाव म्हन. कोनी नाही इथं."

मी तोंड उघडलं. दम घेतला. पण डोकं काही बंद होईना. त्यात एकवीस दिवस होते, देव होते, सासूबाईंचे हात होते. मी नुसती मान हलवली, आणि रडायला लागले.

"राहू दे," ते म्हणाले. "रडू नको."

त्यानंतर चौथ्या दिवशी ते गेले.

मी नाव घेतलं नाही, तरी गेले. घेतलं असतं तर निदान ऐकून गेले असते. आता ते घेतल्यानं कुणाचं आयुष्य घटत नाही. माहेरच्या मळ्यात एकटी असले की मी घेते, अगदी मोठ्यानं, पण त्याला ओ द्यायला कुणी नाही.