परतीचा शिक्का आणि कोलोनचा शनिवार

युरोपातील जुनी प्रार्थनास्थळे पाहायला निघण्यापूर्वी त्यांच्या छतांविषयी थोडे वाचून जावे, असे मी सर्वांना सांगतो. आमच्या सहलीत मात्र छतांपेक्षा खिशाकडे माझे अधिक लक्ष होते. त्याचे कारण आधी सांगायला हवे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी बहारीनला, मीना सलमान बंदरातील एका जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये अभियंता होतो. त्या काळी आमचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असत. रजा मंजूर झाली की सही करून घ्यायचे, परतल्यावर सही करून द्यायचे. पासपोर्टवर परतीचा शिक्का असे, आणि आमच्या शिक्क्याची मुदत तीन आठवड्यांनंतरच्या मंगळवारी संपत होती.

"मंगळवार उलटला की खलास," कचेरीतील कारकून म्हणाला. "नोकरी, घर, व्हिसा, सगळंच."

मी आलेखाच्या कागदावर वेळापत्रक आखले. पहिले रोम, मग कोलोन, शेवटी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग आणि सोमवारी दुपारी फ्रँकफर्टहून परतीचे विमान. पुढचे विमान थेट गुरुवारी होते. स्ट्रासबुर्ग ही माझी पत्नी सुनंदा हिची निवड. तेथील कॅथेड्रलमध्ये एक प्रचंड खगोलीय घड्याळ आहे. त्यात दररोज त्या त्या वाराच्या देवतेचा रथ समोर येतो. शनिवारी शनीची स्वारी. इंडियन स्कूलमध्ये भूगोल शिकवणाऱ्या सुनंदाने त्या घड्याळाचे चित्र वर्षभर कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवले होते.

विमानतळावर सोडायला कंपनीचे ड्रायव्हर दाजी आले होते, कुडाळकडचे. दोन्ही पासपोर्ट माझ्या छातीवरच्या खिशात होते. "साहेब, खिशाक इतके वेळा हात लावू नका," ते म्हणाले. "चोराक पत्तो गावता."

रोमला पँथिऑन पाहिले. मुळात हे रोमन देवतांचे मंदिर, पुढे त्याचे चर्च झाले. घुमटाच्या मधोमध उघडे भोक आहे आणि त्यातून पाऊस सरळ आत पडतो. एवढा घुमट उभा कसा? वर जाताना भिंत पातळ होत जाते आणि काँक्रीटमधील दगडही हलका होत जातो; अगदी वर तर ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड वापरला आहे. जमिनीला किंचित उतार असून पाणी जायला बारीक छिद्रे आहेत. मी गुडघ्यावर बसून ती मोजू लागलो.

"अहो, उठा. लोकांना वाटेल, तुमचं काही हरवलंय," सुनंदा म्हणाली. माझा हात तत्काळ खिशाकडे गेला.

रोममध्ये जेवणाची सोय स्वस्तात होते: पाव, टोमॅटो, चीज आणि घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी. गुरुवारी रेल्वेने कोलोनला पोहोचलो. फ्रान्सचा व्हिसा बहारीनला काढायला वेळ उरला नव्हता, म्हणून शुक्रवारी सकाळी कोलोनपासून अर्ध्या तासावरील शहरात फ्रेंच वकिलातीत पासपोर्ट दिले. खिडकीतील बाईंनी सांगितले, "कामाच्या पुढच्या दिवशी, सकाळी नऊला."

बहारीनला आठवड्याची सुटी शुक्रवारी. त्या दिवशी युरोपातील कचेऱ्या उघड्या असतात, हे मी आवर्जून विचारून ठेवले होते. रविवार बंद, हेही ठाऊक होते. शनिवारविषयी विचारावे असे मनातच आले नाही. दहा वर्षे माझा आठवडा शनिवारी सकाळी सात वाजता सुरू होत होता. माझ्या वेळापत्रकाचा पहिला रकानाही शनिवारचाच होता.

शनिवारी नऊ वाजता आम्ही वकिलातीच्या फाटकापाशी उभे होतो. फाटकाला कुलूप. साडेनऊला कुत्रा फिरवणाऱ्या एका आजोबांनी इंग्रजीत विचारले, "कोणाची वाट पाहता?"

"कचेरी उघडण्याची."

"मग खुर्ची आणायला हवी होती," ते म्हणाले. "सोमवारी उघडते."

पासपोर्ट आत, आम्ही बाहेर. सोमवारी नऊला मिळाले तर विमानतळावर जेमतेम पोहोचणार. एखादा कागद अडला तर मंगळवार हुकणार. स्ट्रासबुर्ग तर गेलेच. सुनंदाने वेळापत्रक मागून घेतले आणि शनिवारच्या चौकटीत पेन्सिलीने लिहिले: 'बंद'.

रविवारी मासची प्रार्थना संपल्यावर कोलोनच्या कॅथेड्रलमध्ये बसलो. उंच भिंती एवढ्या काचेच्या असूनही का ढासळत नाहीत, हे मी तिला समजावू लागलो: छताचा रेटा बाजूला ढकलतो, तो बाहेरच्या दगडी कमानी झेलतात आणि खाली जमिनीत नेऊन सोडतात. बोलताना माझा हात पुन्हा रिकाम्या खिशावर गेला.

लाल झग्यातील वृद्ध रखवालदार जवळ आला. "काय हरवले?" त्याने विचारले. सुनंदाने सारे सांगितले. तो हसला. "या इमारतीला पुरी व्हायला सहाशे वर्षांहून अधिक लागली. मधे शेकडो वर्षे अर्ध्या मनोऱ्यावर दगड उचलायची यारी नुसती उभी होती. तुम्हाला दोन दिवस उशीर?"

"याला परतीचा शिक्का नव्हता," मी म्हणालो.

सोमवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी पासपोर्ट हातात आले. त्यांत आता फ्रान्सचा कोरा करकरीत व्हिसा होता. ऱ्हाइनकाठाने गाडी धावली. सुनंदाने किल्ले पाहिले, मी घड्याळ. विमान मिळाले. बहारीनला अधिकाऱ्याने शिक्का निरखला, एक बोट वर केले, "एकच दिवस राहिला," म्हणाला आणि पुढे जायची खूण केली, "यल्ला."

बाहेर दाजी उभे होते. "साहेब, किती देवळां बघलात?"

"दोन," मी म्हणालो.

"दोन देवळं आणि एक कुलूप," सुनंदा म्हणाली.

वाचकहो, जाणार असाल तर त्या देशाचा आठवडा कोठे संपतो, हे आधी विचारा. आपल्याला ते ठाऊकच आहे, असे समजू नका. पण माझ्याजवळ राहिले ते वेगळेच. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही पासपोर्ट कारकुनाला दिले, सही केली आणि तीन आठवड्यांत प्रथमच छातीवरचा भार उतरला. त्या रात्री गाढ झोप लागली. सकाळी सुनंदा कपाटाच्या दारावरचे चित्र सारखे करत होती.

"झोपलात ना शांत?" तिने विचारले. "तिजोरीत व्हिसाही गेला आपला."

न वापरलेला तो फ्रान्सचा व्हिसा अजून महिनाभर चालणार होता. पासपोर्ट देऊन सही करताना मला ते सुचलेदेखील नव्हते.