शंभर टक्के वनौषधी

ती घटना आठवली की अजूनही आधी हसू येतं, आणि हसून झालं की ती माणसं किती थोडक्यात वाचली या विचाराने अंगावर काटा येतो.

मी तेव्हा पुण्यातल्या जुन्या शहरभागात एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. हिंजवडीत नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली तरुण मुलं सकाळी चौकाचौकात कंपनीच्या बसची वाट पाहत उभी दिसायची. औषधांच्या दुकानांत परदेशी व्हिटॅमिनच्या बाटल्या आल्या होत्या, आणि आईवडिलांना वेळ देऊ न शकणारी मुलं निदान बाटल्या तरी आणून देत होती.

अशीच एक मुलगी एका सकाळी ठाण्यात आली. ठाणे अंमलदाराने तिला आधी वाटेला लावायचा प्रयत्न केला, कारण तिची तक्रार गुन्ह्यासारखी वाटत नव्हती. पण ती हलेना, म्हणून त्याने तिला माझ्यासमोर आणून बसवलं.

तिची आई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. मधुमेह होता, पण सौम्य; पथ्य आणि चालणं यावर भागत होतं. आदल्या दिवशी त्या स्वयंपाकघरात कोसळल्या. इस्पितळात तपासलं तर रक्तातली साखर अगदी तळाला गेलेली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर डोळे उघडले.

"साहेब, आई साखर उतरवणारी एकही गोळी घेत नाही," मुलगी म्हणाली. "नुसत्या पथ्याने साखर इतकी उतरत नाही, असं डॉक्टर म्हणतात. मग गोळी पोटात आली कुठून?"

प्रश्न बिनचूक होता. मी इस्पितळात गेलो. बाई उशीला टेकून बसल्या होत्या आणि वॉर्डातल्या मावशींना फोनवर कसं बोलावं ते शिकवत होत्या. काय काय घेता, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं ते असं: मुलीने आणलेल्या बी-ट्वेल्व्हच्या आणि क्रोमियमच्या गोळ्या, सकाळी कारल्याचा रस, भिजवलेली मेथी, आणि त्या रोज सकाळी फिरायला जात त्या बागेत मिळणारं एक चूर्ण. मुलीचा संशय चूर्णावर होता. बाईंना ते मुळीच पटत नव्हतं.

"चूर्णाला नावं ठेवायची नाहीत," त्या म्हणाल्या. "आमच्या हास्यक्लबातले सगळे घेतात. त्यांना कसं काही होत नाही?"

तिथेच तपास अडला. चूर्ण विकणारा गृहस्थ रोज सकाळी बागेत यायचा. पूर्वी एका औषध कंपनीचा विक्रेता होता, आता मंडईजवळ त्याचा छोटा गाळा होता. बोलायला गोड, सगळ्यांच्या गुडघ्यांची आणि नातवंडांची चौकशी करणारा. लोक त्याला वैद्यबुवा म्हणत, आणि तो नाही म्हणत नसे. डब्यावर छापलेलं होतं, ‘शंभर टक्के वनौषधी’.

मी साध्या कपड्यांत बागेत गेलो. सगळी मंडळी ठणठणीत. रक्ताचे अहवाल उत्तम, चूर्णाची तारीफ तोंडभर. कडक पथ्य तर प्रत्येकजण पाळत होता. एका निवृत्त बँक मॅनेजरांनी पत्नीच्या देखत मला सांगितलं की साखरेची चव कशी असते हेच ते विसरले आहेत. औषध निरीक्षकांना बोलावून आम्ही पंचांसमक्ष नमुना सील केला आणि सरकारी प्रयोगशाळेकडे पाठवला. अहवालाला वेळ लागणार होता. तोवर केवळ मुलीच्या संशयावर कोणाला अटक करणं शक्य नव्हतं.

पुढे काय करावं या विचारात असताना दुसऱ्याच एका कामासाठी हवालदारांना घेऊन मी मंडईकडे गेलो. तिथल्या एका मिठाईच्या दुकानात, रिकाम्या खोक्यांच्या आडोशाला, तेच बँक मॅनेजर जिलेबीची प्लेट घेऊन उभे होते. नोकरीत मी बरेच लोक रंगेहाथ पकडले, पण चेहरा इतका पांढरा पडलेला माणूस पाहिला नाही.

"साहेब, घरी बोलू नका," ते म्हणाले.

मी बोलणार नाही असं सांगितलं, पण खरं काय ते विचारलं. त्यांनी उरलेली जिलेबी घाईने संपवली आणि म्हणाले, "अहो, चूर्ण आहे म्हणून तर खातो. एक चमचा घेतला की सगळं पचतं."

मग मी बागेतल्या एकेकाला स्वतंत्रपणे बाकावर बसवून विचारलं. नवरा-बायकोला एकत्र विचारलं तर एकच जबाब मिळतो, वेगवेगळं विचारलं तर दोन. इथेही तसंच झालं. कोणी प्रसादाच्या नावाने पेढे खात होतं, कोणी भाच्याकडे जाऊन बासुंदी. एका आजींनी शिवणाच्या डब्यात चिक्की ठेवली होती. त्यांचे यजमान दोन बाक सोडून बसले होते. त्यांनी रोजच्या आइस्क्रीमची कबुली दिली.

इस्पितळातल्या डॉक्टरांना मी हे सांगितलं. ते हसले आणि लगेच गंभीर झाले. चूर्णात साखर उतरवणारी गोळी मिसळलेली असणार. बाकीचे वरून गोड खातात म्हणून तरतात, असं त्यांचं म्हणणं पडलं. खरं पथ्य पाळणाऱ्या त्या बाई एकट्याच होत्या. आणि दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. चूर्ण घेऊन चंद्रोदयापर्यंत उपाशी राहणारे त्या बागेत बरेच होते.

थांबायला वेळ नव्हता. वैद्यबुवांना दुपारी ठाण्यात बोलावलं. ते शांत होते. मेथी, जांभळाची बी, कारलं, गुळवेल, याखेरीज चूर्णात काही नाही, हेच त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. धाक दाखवून उपयोग होणार नव्हता. माणूस लोकांशी बोलण्यात मुरलेला होता.

मी त्यांच्याच पिशवीतला एक डबा उघडला. मलाही मधुमेह आहे, सकाळपासून जेवायला फुरसत झालेली नाही, पण वनस्पतीच आहेत तर हरकत काय, असं म्हणत पेल्यातल्या पाण्यात दोन मोठे चमचे घातले आणि ढवळलं. मी पेला उचलला. ओठांपर्यंत नेला. मी काही ते पिणार नव्हतो, पण हे त्यांना माहीत नव्हतं.

त्यांनी टेबलावरून वाकून माझं मनगट धरलं.

"उपाशीपोटी नको, साहेब."

मग सगळं बाहेर आलं. सुरुवातीला चूर्ण खरोखरच निव्वळ वनस्पतींचं होतं. पण अहवालात फरक पडेना, गिऱ्हाईक तुटायला लागलं, म्हणून त्यांनी गोळ्या कुटून घालायला सुरुवात केली. मिश्रण हाताने करायचे, त्यामुळे एका डब्यात कमी, दुसऱ्यात भरमसाट. बाई पडल्याचं कळल्यापासून त्यांना झोप नव्हती. कोणाकोणाकडे डबे गेले ते त्यांनी स्वतःच आठवून सांगितलं. संध्याकाळपर्यंत आमच्या लोकांनी घरोघर जाऊन ते गोळा केले. पुन्हा कोणी कोसळलं नाही. पुढे प्रयोगशाळेचा अहवालही तेच सांगत आला.

बाई घरी आल्यावर मी डॉक्टरांना घेऊन बागेत गेलो. मेथी-कारलं जेवणात खुशाल खा, पण औषध म्हणून काहीही घेताना आधी विचारा, हे त्यांनी समजावलं. मग बाई एकट्याच का कोसळल्या तेही सांगावं लागलं. बाईंनी सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली.

"म्हणजे इतकी वर्षं या बागेत पथ्य पाळणारी मी एकटी?" त्या म्हणाल्या. "सांगितलं असतंत तर मीही आले असते."

रोज घड्याळ लावून हसणारी ती मंडळी त्या सकाळी खरी हसली. बँक मॅनेजरांच्या पत्नीला मात्र हसायला जरा वेळ लागला.

खटला चालला, शिक्षा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. माझी साक्ष झाली तेव्हा आरोपीने पेला अडवण्यासाठी माझं मनगट धरलं, हे मी न विचारता सांगितलं. केस डायरीतही ते लिहिलं होतं. सरकारी वकिलांना ते फारसं रुचलं नाही. बाहेर व्हरांड्यात बाई भेटल्या आणि म्हणाल्या, सांगितलंत ते बरं केलंत. माणसाने काय वाईट केलं हे शोधण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्याने नेमक्या क्षणी काय चांगलं केलं, तेही तितक्याच काटेकोरपणे नोंदवायचं असतं, हे मला त्या चूर्णवाल्याने शिकवलं.