कल्हईवाल्याचा नवसागर

दारूबंदी होती तेव्हाची गोष्ट. माझं लग्न होऊन थोडेच महिने झाले होते. नवऱ्याला पिंपरीकडच्या एका नव्या कारखान्यात काम लागलं, म्हणून आम्ही नगर जिल्हा सोडून पवनेच्या काठच्या एका आळीत खोली घेतली. त्या आळीत जे घडलं ते आठवलं की आजही माझं डोकं तापतं. वय झालं, राग शांत होतो म्हणतात. माझा झाला नाही.

आमच्याकडे चाकणहून एक कल्हईवाला यायचा. सगळे त्याला चाचा म्हणत. बायको बरोबर असायची. आळीच्या तोंडाशी उंबराखाली खड्डा करून कोळसे पेटवायचे, चाचीने भाता ओढायचा आणि चाचाने भांडी घासायची. मोठं पातेलं असलं की तो वाळू आणि फडकं टाकून त्यात उभा राही आणि दोन्ही पायांनी गरगर फिरे. मग तापलेल्या भांड्यात कथील, वर नवसागराची चिमूट. पांढरा धूर उठायचा आणि पितळ आतून चांदीसारखं व्हायचं. घरोघर पितळेचीच भांडी. कल्हई उडाली की आमटी-ताक कळकायचं, म्हणून चाचाची वाट बघितली जायची.

त्या दिवशी सकाळीच त्याने खड्डा पेटवला होता. मी पातेलं घेऊन पोचले तर दोन पोलीस त्याचं गाठोडं उपसत होते. एकाच्या हाताला नवसागराचा खडा लागला. भाकरीच्या फडक्यात गुळाचा खडा निघाला.

"गूळ आणि नवसागर! हातभट्टी लावतोस काय रे?"

"कल्हईचा हाय साहेब, गूळ भाकरीसंगं—"

पुढचं बोलणं थोबाडीत विरलं. चाचाची टोपी कोळशात पडली. ती उचलायला चाची धावली, तोवर त्याला दंडाला धरून सडकेवरच्या चौकीकडे ओढत नेलंही होतं. आम्ही बायका नुसत्या बघत राहिलो.

माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या आत्याबाई मूळच्या तिथल्याच. त्या पहिल्यांदा बोलल्या. "नदीपल्याड रोज भट्टीचा धूर निघतोय, त्यो ह्यांना दिसत न्हाई. आन् ह्यो गरीब दिसला व्हय!"

चाची रडत रडत भांडी गोळा करत होती. त्यातलं एक पातेलं तिने माझ्यापुढे धरलं. त्याच्या काठावर चौकीच्या फौजदाराचं नाव कोरलेलं होतं. त्याच्या घरून आदल्याच दिवशी हवालदाराने ते आणून दिलं होतं.

नवरा घरीच होता, दुपारच्या शिफ्टला जायचा होता. तो म्हणाला, "अगं, आपण इथं परके. पोलिसांच्या वाटेला जाऊ नकोस."

मी म्हटलं, "चाचा तर इथलाच आहे ना? त्याला कुणी सोडलं?"

आत्याबाई, चाची, आळीतल्या आणखी काहीजणी आणि मी अशा चौकीवर गेलो. फौजदार मोठा सभ्य माणूस. त्याने मला बसायला खुर्ची दिली. मी बसले नाही. त्याच्या टेबलावर त्याचं पातेलं ठेवलं.

"साहेब, हे तुमच्या घरचं. कल्हई अर्धीच झालीय. उरलेली करायला नवसागर लागतो, तो तुमच्या माणसांनी उचलून इथं आणलाय."

त्याने नाव पाहिलं. हवालदाराला खुणेनेच पातेलं आत न्यायला सांगितलं. मग मला शांतपणे म्हणाला, "बाई, तुम्ही शिकलेल्या दिसता. मला काय कळत नाही का कल्हईवाला कोण ते? पण वरून विचारणा होते. दारूबंदीच्या केसेस दाखवाव्या लागतात."

मला वाटलं होतं, त्याची चूक झाली असेल. त्याला सगळं माहीत होतं!

"मग नदीपल्याडची भट्टी दाखवा की!" मी ओरडलेच.

"तक्रार आहे कुणाची?"

"माझी. घ्या लिहून."

त्याने लेखणी उचलली नाही. उलट विचारलं, "मालक कारखान्यात ना? कायम झालेत का?"

आत कुणीतरी कण्हत होतं. चाचीने तो आवाज ओळखला आणि ती तिथेच खाली बसली.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंचा मुलगा जामीन राहिला तेव्हा चाचाला सोडलं. मुलाच्या खांद्यावर हात टाकून तो टाचांवर चालत आला. तळपायांवर मारलं होतं. उंबराखाली आमची भांडी तशीच पडली होती. चाचीने पदर खोचला, मोठ्या पातेल्यात वाळू टाकली आणि स्वतः त्यात उभी राहिली. चाचाने तोंड दुसरीकडे वळवलं.

मी घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं, फौजदाराने काय विचारलं तेही. तो त्या रात्री जेवला नाही. खटला उभा राहिला तेव्हा मला न सांगता त्याने रजा टाकली आणि पुण्याच्या कोर्टात जाऊन चाचा कल्हईवालाच आहे अशी साक्ष दिली. नोकरी टिकेल की नाही याचा घोर आम्ही कितीतरी दिवस बाळगला. टिकली.

चाचा सुटला. न्यायाधीशाने दोन वाक्यांत सोडलं. माराबद्दल कुणी काही विचारलं नाही. भट्टीवर म्हणे छापा पडला, पण त्याआधीच पिंपं नदीकाठावरून हलली होती. फौजदाराची बदली झाली, बढतीवर. चाचाचे पाय पुढे धड बरे झालेच नाहीत. त्याने धंदा सोडला आणि चाकणच्या बाजारात कांदे-लसूण घेऊन बसू लागला. मी गेले की पैसे घ्यायला नको म्हणायचा. मला त्याच्याकडे बघवत नसे.

पुढच्या वर्षी आळीत चोरी झाली. एका बाळंतिणीच्या घरातले दागिने गेले. चोराला पळताना दोघातिघांनी पाहिलं होतं, तरी चौकीवर कुणी गेलं नाही. कुठूनसं कळल्यावर हवालदार आपणहून आला. दारोदार हिंडला, कोणी तोंड उघडेना. शेवटी तो वैतागला. "अहो, तुमच्याच भल्यासाठी विचारतोय!"

"आमचं भलं ऱ्हाऊ द्या दादा," आत्याबाई म्हणाल्या. "तुमी जावा."

तो खरंच मदत करायला आला असेल. चोर सापडला नाही. त्या बाळंतिणीचं मंगळसूत्र गेलं ते गेलंच, आणि याचा दोष मी आजही आळीला देत नाही.