आधी तारीख, मग पाय

आमच्या फिजिओथेरपीत किस्से शोधावे लागत नाहीत. गुडघेदुखीची तीन माणसं एका व्हरांड्यात बसवा, पाय वर करायला सांगा, पुढचं आपोआप होतं!

गोवा नुकतंच घटकराज्य झालं होतं आणि मी डिचोलीजवळच्या एका छोट्या इस्पितळात होते. मुंबईचे सर्जन महिन्यातून एकदा यायचे. ज्याचा गुडघा बदलायचा त्याने आधी मांडी बळकट करायची, हा त्यांचा नियम. पाय सरळ उचलून दहा आकडे मोजेपर्यंत धरला, तरच ऑपरेशन.

मला नियम पटायचा. पेशंटना अजिबात नाही! पार्से गावच्या रुक्मिणकाकीने पहिल्याच दिवशी ऐकवलं, "गुडघो मोडलो म्हणान इलंय, तर ही बाय माका कसरत शिकयता!"

*

दुसरे पेशंट बाबुसो. त्यांनी जन्मभर लोहखनिजाचा ट्रक चालवलेला. त्यांना म्हटलं, "घोट्याला वाळूची पिशवी बांधा, एवढी." आणि हाताने आकार दाखवला.

आठवड्याने आले ते घाम पुसत. "बाय, हो पांय उखलनाच!"

मी पिशवी उचलायला गेले तर माझाच खांदा खाली. आत तांबडं खनिज, ठासून!

"अहो, मी वाळू सांगितली होती!"

"डिचोलींत रेंव खंय मेळटा? दारांत माती आसा, ती भरली."

जन्मभर जे ट्रकने धक्क्यावर वाहून नेलं, ते जड असतं हे त्यांना मी काय सांगणार!

*

राजभाषा मराठी की कोकणी, हा वाद तेव्हा घराघरांत होता, तसा आमच्या व्हरांड्यातही. देसाई गुरुजी मराठी शाळेतले, बाबुसो कट्टर कोकणीवाले. पाय वर धरून आकडे मोठ्याने मोजायचे. पाचापर्यंत एकमत. पुढे गुरुजी "सहा!" म्हणायचे, बाबुसो "स!"

एकदा दोघेही पेटले. पुढच्या आकड्यावर कोणी जाईना, आणि पाय खाली घेतला तर हार, म्हणून पायही घेईनात! मी घड्याळ बघत उभी. एवढा वेळ माझ्या सांगण्यावरून कधी धरला नव्हता.

शेवटी काकी वैतागली. "मेल्यांनो, फुडे चला! माजो पाय खयच्याच भाशेत रवना!"

*

काकी घरी जाताना बसमध्येही व्यायाम करायची. पाय थेट वाटेत. कंडक्टर अडकला.

"काकी, पाय आत घे गे!"

"थांब रे. सात झाले, तीन उरले."

तो बिचारा तिकिटं हातात धरून उभा राहिला. मागून कोणीतरी मोजायलाही लागलं म्हणे!

*

एवढा हट्ट कशासाठी, ते मला उशिरा कळलं. पौषात गावच्या बायका मांडावर, म्हणजे नाचाच्या ठरलेल्या पवित्र जागी, धालो नाचतात, समोरासमोर दोन ओळी करून. काकी पुढच्या ओळीत, गाणं उचलणारी. गेल्या पौषात ती पोचली तर शेजारणींनी मायेने तिच्यासाठी खुर्ची मांडून ठेवलेली.

"मांडार खुर्ची! माका!" सांगताना तिचे डोळे भरले. माझेही भरले. पण तिने लगेच नाक पुसलं. "शिरां पडो त्या खुर्चेर! बांध गे पिशवी. दोन किलोची बांध!"

*

पहिल्या तपासणीत काकीचा पाय सातावर आपटला. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, "बघूया पुढच्या महिन्यात."

दुसऱ्या वेळी दहा पुरे झाले. डॉक्टर खूश. "वा! आता तारखेचं बघूया पुढच्या महिन्यात." आणि बॅग उचलून गेलेसुद्धा! मला असा राग आला म्हणून सांगू! चतुर्थी तोंडावर आलेली. ऑपरेशननंतर पाय नाचता व्हायला तीन-चार महिने हवेत; ते लांबलं की हाही पौष गेला आणि पुन्हा खुर्ची.

तिसऱ्या वेळी काकी टेबलावर आडवी झाली. पाय उचलला. दहा झाले.

"छान, काकी. ठेवा पाय. तारखेचं आपण बघू..."

पाय वरच.

"काकी, झाले दहा. ठेवा."

"आदी तारीख सांग, दोतोर. मगे पाय खाली दवरतां."

दाराशी गुरुजी आणि बाबुसो उभे होते. दोघांनी एकदम मोजायला सुरुवात केली. "अकरा! बारा!" काकीची मांडी थरथरत होती, कपाळावरून घाम कानात उतरत होता. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांची डायरी उघडून समोर धरली.

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली.

"पेन्सिल नाका, दोतोर," काकी म्हणाली. "शायेन लिव."